चंद्राला पडलेलं खळं

नमस्कार श्रोतेहो.

चंद्राला खळं पडलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती बर्फाची करामत. खूप उंचावर ढगाचा एक पातळ पापुद्रा असतो, त्यातल्या षट्कोनी बर्फकणांतून चांदणं वळतं आणि कडं दिसतं. म्हणजे भर उन्हाळ्यातसुद्धा आपल्या डोक्यावर बर्फ असतो! भूगोलाच्या पुस्तकातले सिरस ढग याच कुळातले.

डिसेंबरात आभाळ आलं की थंडी पळते, हा आपला अनुभव. ढग गोधडीचं काम करतात. सिरस तर इतका विरळ, की ऊन बरंचसं खाली येऊ देतो आणि जमिनीची वर जाणारी उष्णता मात्र अडवतो. मग ही गोधडीच विरळ केली तर? २००९ साली अमेरिकेत डेव्हिड मिचेल आणि विल्यम फिनेगन या दोघांनी हा विचार मांडला. प्रवासी विमानांतून बिस्मथ ट्राय-आयोडाइडची पूड सोडायची. एरवी तिथले सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्याही खाली गोठतात, आणि गोठतात ते झुंडीनं. त्यातून बारीक बर्फकणांची गर्दी होते आणि ढग टिकतो. पूड असली की तिच्या मोजक्या कणांवर आधीच बर्फ धरतो, हवेतली वाफ तेच खातात, जड होतात आणि खाली घसरतात. ढग विरतो.

आपल्याकडे सोलापूरच्या आकाशात विमानांनी ढगांत पेरणी केली ती पाऊस पडावा म्हणून. इथे पेरायचं ते ढग मोडायला.

सगळी मेख आहे प्रमाणात. २०१३ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर गणित मांडलं. लिटरभर हवेत अठराएक कण असले तर पृथ्वी थंड होते. फार जास्त झाले तर उलट ढग दाट होऊन ती तापते. आमटीत मीठ जास्त पडलं तर बटाटा टाकून निभावतं. दहा किलोमीटर उंचीवर बटाटा कोण टाकणार? पुढे २०१६ मध्ये झुरिकच्या ब्लाझ गास्पारिनी आणि उलरिके लोमन यांनी तर सांगून टाकलं, की या पेरणीनं पृथ्वी फारशी थंड व्हायची नाही. वरचे बरेचसे सिरस मुळातच धुळीच्या कणांवर किंवा खालच्या ढगांतून चढलेल्या बर्फातून बनलेले असतील, तर आपली पूड करणार काय? आणि समजा जमलं, तरी कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो. समुद्राचं आम्ल होणं त्यानं थांबत नाही.

मला यापेक्षा दुसरी गोष्ट जवळची वाटते. विमानामागे उमटणारी पांढरी रेघ पाहता ना? दमट, गार थरात ती पसरून सिरसच होते. ही गोधडी तर आपणच घालतोय. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सनं सत्तर उड्डाणांत असे थर टाळून पाहिले. उपग्रहांच्या चित्रांत या रेघा ५४ टक्क्यांनी कमी दिसल्या. इंधन थोडं जास्त लागलं, पण पेरावं काहीच लागलं नाही. वैमानिकांनी विमान जरा वरून किंवा जरा खालून नेलं, एवढंच.

नमस्कार.