खाडीची तुरटी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की आपण काय करतो? कळशीत तुरटी फिरवतो. थोड्या वेळात गाळ तळाला, वर नितळ पाणी. दाभोळच्या खाडीतही हेच चालतं, फक्त तुरटीच्या जागी असतं समुद्राचं मीठ.

वाशिष्ठी सह्याद्रीतून चिपळूणला उतरते, पुढे जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ-अंजनवेलपाशी दोघी समुद्राला लागतात. त्यांच्या पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगतात. खारं पाणी भेटलं की तो भार मावळतो, कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या खाली बसतात. शिवाय खारं पाणी जड. ते तळातून आत शिरतं आणि गोडं पाणी वरून समुद्राकडे जातं. आपण खाडीला मोरी समजतो, एकदा ओतलं की गेलं. पण या मोरीच्या तळाची ओढ उलटी, घराकडे आहे.

लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत याच खाडीच्या खोऱ्यात. मेलेल्या माशांची भोई मच्छीमारांची तक्रारही जुनी. सांडपाण्यातलं जस्त, तांबं, शिसं पाण्यात मोकळं फार काळ राहत नाही, बरंचसं चिखलाच्या कणांना चिकटतं. ओहोटीला काठच्या चिखलात पाय रुतवून बघा. वरचा पातळ थर तपकिरी, खालचा काळाभोर, कुजक्या अंड्याच्या वासाचा. वास गंधकाचा. तिथं प्राणवायू नाही आणि गंधकानं धातूंना जखडून ठेवलंय. नाक मुरडायला लावणारा वास, पण काम मोलाचं!

आता पाऊस बदललाय. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली की काय होतं, हे २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांना मी काय सांगावं? असा लोंढा वर्षानुवर्षांचा काळा थर खरवडू शकतो. त्याला प्राणवायू लागला की जखडलेले धातू सुटू लागतात.

दुसरीकडे समुद्राची पातळी वाढतेय. कोरड्या महिन्यांत खारं पाणी आणखी वर चढणार, म्हणजे गाळ बसण्याची जागाही वर सरकणार. वाशिष्ठीची गोष्ट मात्र जरा न्यारी. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी तिला उन्हाळ्यातही मिळतं. त्यामुळे इथं मीठ किती वर चढेल, हे थोडंफार वीज किती तयार होते त्यावरही ठरतं.

पुरानंतर गाळ उपसा म्हणून ओरड होते, ती रास्तच आहे. पण चौकशी होते ती किती ब्रास निघाला याची. गाळात काय आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. वरच्या पात्रातल्या दगडगोट्यांची मला चिंता नाही. खालचा काळा चिखल मात्र भातखाचरात पसरण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्याला वास येतोय तोवर धातू बरेचसे बांधलेले असतात. उन्हात पडून वास गेला, रंग तपकिरी झाला, आणि लोक म्हणाले, ‘चला, माती चांगली झाली’, की समजा, ते सुटायला लागलेत.