एअर फ्रायर उलटा करून पाहा

[पुणे, तापकीर गल्ली. दुरुस्तीच्या टेबलावर पालथा घातलेला एअर फ्रायर.]

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. वायरी, मोटारी, स्विच, पंख्यांची पाती, विजेचं जे म्हणाल ते इथे मिळतं. या टेबलावर आलेल्या एअर फ्रायरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द आहेत : धूर येतो.

कारागिरांनी आधी टोपली पाहिली. टोपली लख्ख आहे. रोज घासलेली दिसते. मग त्यांनी यंत्र पालथं घातलं आणि आत टॉर्च मारला. आता नीट बघा. ही तारेची जाळी. तिच्या मागे ही कॉइल, आणि कॉइलच्या मागे पंखा. जाळीच्या तारांवर तपकिरी थर बसलाय. कोपऱ्यात रव्याचे दाणे अडकून काळे ठिक्कर पडलेत. कॉइलच्या खालच्या अंगाला तेलाचा एक थेंब लोंबता लोंबताच कडक झालाय.

वायर ठीक, पंखा ठीक, कॉइलही ठीक. या यंत्रात बिघाड नव्हताच.

[एअर फ्रायर सुरू. कॉइल तापताना, जवळून.]

नेदरलँड्सचे फ्रेड व्हॅन डर वेइ यांनी या यंत्राची कल्पना मांडली आणि 2010 मध्ये फिलिप्सने ते बाजारात आणलं. रचना साधी आहे. वर कॉइल तापते. पंखा ती गरम हवा जोरात खाली लोटतो. टोपलीच्या भोकांमधून, पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरून हवा पुन्हा वर जाते. काही यंत्रांच्या तळाला हा चांदणीसारखा उंचवटा दिसतो, तो हवेला वर वळवण्यासाठीच असतो.

पण हवा वर जाताना एकटी जात नाही. कोथिंबीर वडीवर ब्रशने लावलेलं तेल, सुरमईच्या अंगचं तेल, रव्याची बारीक कणी, डाळीच्या पिठाची भुकटी, सगळं तिच्याबरोबर उडतं आणि जाळीवर, कॉइलवर जाऊन बसतं. कढईतलं तेल निदान डोळ्यांना दिसतं. हे तेल टोपलीच्या वर, यंत्राच्या आतल्या छताला बसलेलं असतं, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

[पांढऱ्या बशीवर कारागीर पापुद्रा खरवडून ठेवतात.]

हा पापुद्रा म्हणजे तेलच. फक्त ते आता तेल राहिलेलं नाही. पातळ थर, भरपूर हवा आणि वारंवार उष्णता मिळाली की करडई, सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि टणक पडदा तयार होतो. जवसाचं आणि करडईचं तेल रंगात, वार्निशमध्ये वापरतात, ते याच गुणामुळे. बिडाचा तवा तेल लावून आपण मुद्दाम असाच तयार करतो. तव्यावर हा थर हवासा असतो. कॉइलवर मात्र तो दर वेळी पुन्हा तापतो, जळतो, आणि धुराचा वास बटाट्याच्या कापांना लागतो.

ताज्या तेलावर साबण चालतो, या पडद्यावर तो फारसा चालत नाही. त्यामुळे एअर फ्रायर धुण्यात कशाने धुतलं यापेक्षा कधी धुतलं याला जास्त महत्त्व आहे. ज्या दिवशी वापरला, त्याच दिवशी.

[स्वयंपाकघर. ओट्यावर बांगड्याचे तुकडे काढून झालेत.]

आता हे घर पाहा. बांगडा नुकताच काढलाय. या ताई टोपली लगेच नळाखाली धरत नाहीत. तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडलं की धातू एकदम आकसतो आणि वरचा लेप हळूहळू सुटायला लागतो. आधी त्या सॉकेटमधून पिन काढतात. जेवणं होईपर्यंत टोपली तशीच निवते.

तळाशी जमलेलं तेल त्या सिंकमध्ये ओतत नाहीत. जुन्या वर्तमानपत्राने टिपून घेतात. मग कोमट पाणी, भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब, आणि टोपलीच्या तळाची सुटी जाळी आतच ठेवून दहा-पंधरा मिनिटं भिजत ठेवणं. मेहनतीचं अर्धं काम हे पाणी करतं. बांगड्याचा वास असेल तर पिळून झालेल्या लिंबाची साल त्याच पाण्यात.

[ब्रश आणि जाळी, अगदी जवळून.]

आता जाळी पालथी. रवा वरून दिसत नाही, तो भोकांच्या खालच्या कडेला धरून बसतो. जुना, मऊ पडलेला टूथब्रश उलट्या बाजूने फिरवला की दाणे कसे खाली पडतात बघा. एखादा हट्टी दाणा राहिलाच तर बांबूची काडी. सुई किंवा सुरीचं टोक नको.

आणि ही चार रबरी बोंडं. जाळीच्या चार कोपऱ्यांना असतात, म्हणून जाळी टोपलीच्या भिंतीला घासत नाही. ती काढून त्यांच्याखालीही पुसायला हवं, कारण तेल तिथेच मुरतं. धुताना मोरीच्या जाळीतून यांतलं एखादं वाहून जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही. मग दर वेळी टोपली ओढताना धातू धातूवर घासतो. ताई चारही बोंडं वाटीत काढून ठेवतात, जाळी कोरडी झाली की परत बसवतात.

घट्ट डाग राहिलाच, तर खाण्याचा सोडा. थोड्या पाण्यात कालवून लेप करायचा, डागावर थापायचा, वीसेक मिनिटांनी मऊ स्पंजने पुसायचा. सोडा कोरडा घेऊन रगडायचा नाही.

[तीन घासण्या ओट्यावर शेजारी शेजारी : तारेची, हिरवी, मऊ स्पंज.]

इथे जरा थांबू या, कारण टोपल्या सर्वांत जास्त इथेच वाया जातात. टोपलीच्या आतला काळा लेप बहुतेकदा पीटीएफईचा असतो, बोलताना त्याला आपण नुसतं नॉनस्टिक म्हणतो. उष्णतेने तो लेप सहसा जात नाही. घरगुती एअर फ्रायर साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि हा लेप 260 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. तो जातो घासण्यामुळे. तारेची घासणी तर उघडच वाईट. पण या साध्या हिरव्या घासणीतही धातूला ओरखडे पाडतील असे कठीण कण असतात. भांड्यांच्या साबणाच्या वडीतही डाग खरवडण्यासाठी दगडाची भुकटी घातलेली असते. स्टीलच्या कढईला ते चालतं, या लेपाला चालत नाही. चिमटा, उलथनं, काटा यांचंही तेच. टोपलीत लाकडी किंवा सिलिकॉनचं घ्या.

बहुतेक घरांत टोपली घासते ती भांडी घासायला येणारी मावशी. यंत्र घेताना चार दुकानं फिरणारी, तासभर रील्स बघणारी माणसं तिला एवढंसुद्धा सांगत नाहीत की ही टोपली वेगळी आहे. माहितीपुस्तिका खोक्यात, खोकं माळ्यावर, आणि पुस्तिका इंग्रजीत. मग लेप गेला की बोल तिला लागतो. या घरात सिंकवर एक मऊ पिवळा स्पंज टांगलेला आहे, तो फक्त या टोपलीचा. मावशींनीच तो कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला : "ह्याला दुसरं काही लावायचं नाही, ताईंनी सांगितलंय."

[यंत्र टॉवेलवर पालथं. ओला फडका पिळताना.]

आणि आता ते काम, जे तापकीर गल्लीतल्या त्या यंत्राच्या वाट्याला कधी आलंच नाही.

पिन काढलेली आहे. यंत्र पूर्ण गार आहे. नुसतं बाहेरून नाही, आतूनही. अर्धा तास तरी जाऊ द्या. टोपली काढली. ओट्यावर जाड टॉवेल पसरून यंत्र हळूच पालथं घातलं. आता कॉइल समोर आली, मान मोडून आत डोकवायला नको.

आधी कोरडा, मऊ ब्रश. नुसता फिरवा, दाबू नका. हे बघा काय काय पडतंय. मग फडका कोमट पाण्यात बुडवून, थेंब गळणार नाही इतका घट्ट पिळून, जाळीवर आणि कॉइलच्या वेटोळ्यांवरून फिरवायचा. चिकटपणा असेल तर फडक्यावर साबणाचा एक थेंब, आणि नंतर साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसून साबण काढायचा. फवारा मारायचा नाही. आत पाणी ओतायचं नाही. कॉइलच्या पलीकडे पंख्याची मोटर आणि वायरींची टोकं आहेत. कॉइल वाकवायची नाही, जाळीचे स्क्रू घरी उघडायचे नाहीत.

मग यंत्र सरळ करून उघडं ठेवायचं, आतला ओलावा पूर्ण सुकेपर्यंत. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत याला सकाळची संध्याकाळ होते. होऊ द्या. नंतर रिकामंच पाच मिनिटं चालवलं की उरलासुरला दमटपणा जातो.

रोज एअर फ्रायर वापरत असाल तर महिन्यातून एकदा हे पुरेसं. मासे, चिकन, साबुदाणा वडे जास्त होत असतील तर त्याआधी. धूर यायची वाट पाहू नका.

[यंत्राची मागची बाजू. झरोके.]

मागचे हे झरोके. गरम हवा इथून बाहेर पडते. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या यंत्राच्या मागे टाइलवर तेलकट पट्टा उमटतो, तो हाच. वीतभर जागा सोडा. झरोक्यांवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा.

आणि पिन. 1500 वॉटचं यंत्र 230 व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं. आपल्या भिंतीवरचं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं. म्हणून याची पिन जाड असते, आणि ती 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच जायला हवी. अॅडॉप्टर लावून एक्स्टेंशन बोर्डवर चालवलेल्या या यंत्राची पिन बघा, प्लास्टिक तपकिरी झालंय.

[गल्लीतलं दुकान. कोपऱ्यात रचून ठेवलेली यंत्रं.]

ही सगळी टाकून दिलेली. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. अशी यंत्रं अधिकृत ई-कचरा संकलनालाच द्या, घंटागाडीत नको.

टाकण्याआधी मात्र यंत्राच्या तळाशी किंवा पाठीवर असलेलं हे स्टिकर बघा. यावर मॉडेल क्रमांक असतो. बऱ्याच यंत्रांची टोपली, जाळी, रबरी बोंडं सुटी मिळतात, पण हा क्रमांक सांगितल्याशिवाय दुकानदार काही देऊ शकत नाही. आणि तेलकट हातांनी पुसून पुसून सर्वांत आधी उडतो तोही हाच क्रमांक. यंत्र पालथं घातलेलंच आहे, तर त्याचा एक फोटो काढून ठेवा.