‘रन’चा अर्थ लावताना

नमस्कार श्रोतेहो. इंग्रजीतल्या ‘रन’ या क्रियापदाच्या नोंदीवर ऑक्सफर्ड कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर सुमारे नऊ महिने काम करत होते. त्यांनी 645 अर्थ वेगळे काढले. एवढे पाठ करायचे नसतातच. पण शाळेत पाठ केलेलं ‘रन म्हणजे धावणे’ मात्र थोडं बाजूला ठेवावं लागतं.

मराठीत आधी ‘चालणे’ लावून पाहा. मशीन रन होतं, म्हणजे चालतं. ‘शी रन्स अ हॉटेल’, ती हॉटेल चालवते. नाटक शंभर प्रयोग रन झालं, म्हणजे चाललं. निम्मं काम इथेच होतं.

तिथे अडलं तर कर्ता बघा. नळ, नदी, नाक असेल तर वाहणे. नव्या साडीचा रंग रन झाला तर तो धुताना गेला. कर्त्यावरून उलगडलं नाही तर कर्म बघा: ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे, ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे.

खरी फसगत होते ती मागून येणाऱ्या छोट्या शब्दामुळे. ‘वी रॅन आउट ऑफ शुगर’, साखर संपली. क्रिकेटमधल्या रन आउटशी याचा काही संबंध नाही. ‘रन इनटू’च्या पुढे मित्र असेल तर अचानक भेट, विजेचा खांब असेल तर धडक. मीटिंग ‘रॅन ओव्हर’ झाली तर वेळेपेक्षा लांबली. गाडी कुत्र्यावर ‘रॅन ओव्हर’ झाली तर कुत्रं चाकाखाली आलं. ‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’ याचं साधं मराठी: घराण्यातच मधुमेह आहे.

निवडणुकीची गंमत वेगळीच. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपणही निवडणुकीला उभेच राहतो. त्यामुळे अमेरिकी बातमी मराठीत आणताना उमेदवाराला पळवू नका.

कोश वापरताना एक लक्षात ठेवा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावलेले असतात. त्यामुळे वरचाच अर्थ आज सर्वांत जास्त चालतो असं नाही. रोजच्या वापराला विद्यार्थ्यांसाठीचा कोश घ्या. त्यात ‘रन आउट’, ‘रन इनटू’ अशा जोड्या बहुधा नोंदीच्या शेवटी वेगळ्या दिलेल्या असतात. अडलेलं वाक्य समोर असेल तर थेट तिथूनच सुरुवात करा.