मिलरच्या कुप्या

हे काचेचे दोन चंबू. वरचा पाच लिटरचा, खालचा अर्ध्या लिटरचा. 1952 साली शिकागो विद्यापीठात स्टॅनली मिलर या विद्यार्थ्यानं जी मांडणी केली, तिची ही प्रतिकृती.

आधी आतली हवा पूर्ण काढायची. ती राहिली, तर हायड्रोजन आणि ठिणगी मिळून स्फोटच व्हायचा. मग मिथेन, अमोनिया, हायड्रोजन भरायचे. आदिम पृथ्वीची हवा अशी असावी, हा तेव्हाचा अंदाज; त्या हवेत वीज चमकली तर काय बनेल, हे बघायचं होतं. खालच्या चंबूत पाणी, त्याखाली आच. वाफ वर चढते, आणि टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये... ही ठिणगी.

(ठिणगीचा आवाज. निवेदन थांबतं.)

वाफ थंड होते, पाणी होऊन खाली उतरतं, पुन्हा उकळतं. आठवडाभर हेच. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागलं. शेवटी शेवटी गडद लाल आणि गढूळ. बाहेर काढल्यावर त्यात जंतू वाढू नयेत म्हणून मिलरनं लगेच मर्क्युरिक क्लोराइड टाकलं. मग थेंब कागदावर, कागद द्रावकात, वरून निनहायड्रिनचा, म्हणजे अमिनो आम्लांना रंग देणाऱ्या रसायनाचा, फवारा. बघा, जांभळे डाग उमटतायत. हा ग्लायसीनचा. तो अलानिनचा. प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं, सजीवाचा हात न लागता तयार झालेली.

मार्गदर्शक हॅरॉल्ड युरी तेव्हा नोबेल विजेते होते. तरी 1953 चा शोधनिबंध त्यांनी एकट्या मिलरच्या नावानं जाऊ दिला. (आपल्याकडच्या काही मार्गदर्शकांनी हे वाक्य पुन्हा ऐकावं.)

आता ही पुठ्ठ्याची खोकी. आत छोट्या कुप्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर प्रयोगवहीचं पान. मिलरनं वाळवलेले नमुने जपून ठेवले होते. 2007 मध्ये ते गेले. त्यांचेच विद्यार्थी जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी कुप्या नव्या यंत्रांवर तपासल्या. वाफेचा झोत थेट ठिणगीवर सोडणाऱ्या एका वेगळ्या मांडणीच्या 11 कुप्यांत 22 अमिनो आम्लं निघाली! जुने नमुने ठेवायला कपाटं कशाला, असं विचारणाऱ्यांना ही खोकी दाखवा.

आदिम पृथ्वीची हवा खरंच अशी होती का, यावर आज वाद आहे. पण सजीवाविना अमिनो आम्लं बनतात, हे पृथ्वीबाहेरही दिसतं: 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या उल्केतही ती सापडली आहेत.

आणि ही शेवटची कुपी 1958 च्या प्रयोगातली. त्यात मिलरनं हायड्रोजन सल्फाइडही वापरला होता. 2011 मध्ये तिथे 23 अमिनो आम्लं मोजली गेली. मिलरनं तो प्रयोग कधी छापलाच नव्हता.