हवेत सोडलेली जाहिरात

फुलावर हा काचेचा घुमट घातलाय. फूल खुडलेलं नाही, देठावरच आहे. घुमटात कोंडलेली हवा बारीक नळीतून ओढली जाते, आणि वासाचे रेणू नळीतल्या भुकटीला चिकटून राहतात. मग गॅस क्रोमॅटोग्राफ ते एकेक सुटे करतो. पडद्यावरचं प्रत्येक टोक म्हणजे एक घटक. ही यादी हाती आली की फुलाची गरज उरत नाही.

आता बाटल्या, तराजू आणि थेंब. कागदी पट्टी बुडवायची, हुंगायची, बाजूला ठेवायची. थोड्या वेळाने तीच पट्टी पुन्हा हुंगायची, कारण हलके रेणू आधी उडून जातात आणि वास बदलतो. पट्ट्यांचा हा ढीग एका सकाळचा आहे.

पसंत पडलेलं तेल या डब्यात भरतात. दाबलेल्या हवेने त्याचे इतके बारीक कण होतात, की धुरकटसुद्धा दिसत नाही. डबा एसीच्या डक्टला जोडला, की झालं. दुकानाच्या छतातली ही जाळी. हिच्यातून जे खाली येतंय, ते कॅमेऱ्याला टिपता आलेलं नाही.

दारात थबकलेला हा चेहरा मात्र टिपता आला.

पाहिलेलं, ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमसच्या नाक्यावरून जातं. वासाला तो नाका लागत नाही. भावना आणि आठवणींच्या भागांशी त्याची थेट वाट आहे. म्हणून तर 2012 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या बसमध्ये डंकिन डोनट्स या कॉफी-डोनट विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीची धून वाजली, की यंत्र ती ओळखून कॉफीचा वास सोडायचं. तिकीट प्रवासाचं काढलेलं, आणि नाकात जाहिरात.

हा लाल दिवा चव तपासणाऱ्या खोलीतला. नमुन्याचा रंग कळू नये म्हणून. पेल्यांवर नाव नाही, तीन आकडी क्रमांक. घोट, पाणी, पुढचा घोट. एका घोटात बहुतेकदा जास्त गोड जिंकतं. 1985 साली कोका-कोलाने अशाच चाचण्यांवर भिस्त ठेवून चव बदलली, आणि तीन महिन्यांच्या आत जुनी परत आणली. चव निदान नाकारता येते. श्वास कसा नाकारणार?

दमा, अर्धशिशी असणाऱ्यांना अशा वासांनी त्रास होऊ शकतो. 2006 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसथांब्यांवर जाहिरातीसाठी सोडलेला बिस्किटांचा वास तक्रारींमुळे काढावा लागला.

पुड्यावर घटक छापलेले असतात. या दारावर सीसीटीव्हीची पाटी आहे. वासाची नाही. शेजारी जागा मात्र रिकामी आहे.