चोवीस सुरांची नोकरी

नमस्कार श्रोतेहो.

एक सोपी सुरावट सांगतो, ती मनातल्या मनात गुणगुणून पाहा. मंद्र पंचम, पुन्हा तोच पंचम, मग षड्ज. थोडं थांबायचं, आणि पंचम, षड्ज, गंधार. प प सा... प सा ग... अमेरिकेत सैनिकाला मूठमाती देताना बिगुलावर जी धून वाजते, तिची ही सुरुवात. तिला 'टॅप्स' म्हणतात. पूर्ण धून २४ सुरांची, पण त्यात वेगवेगळे सूर चारच: मंद्र पंचम, षड्ज, गंधार आणि मध्य सप्तकातला पंचम. बिगुलाला बटणं नसतात, त्यामुळे सगळा कारभार ओठांवर आणि श्वासावर. ओठ जरा सैल पडले की सूर गेलाच.

ही धून वाजवण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्या जारी विलानुएवा यांच्याविषयी आज बोलायचं आहे. बाल्टिमोरच्या पीबडी संगीत विद्यालयातून शिकलेले हे ट्रंपेटवादक अमेरिकी हवाई दलाच्या वॉशिंग्टनमधल्या बँडमध्ये २३ वर्षं होते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांनी पाच हजारांहून अधिक समारंभांत वाजवलं. वादकासाठी तो समारंभ पाच हजारांतला एक असेल, पण समोर उभ्या असलेल्या कुटुंबासाठी तो एकच असतो. पुन्हा वाजवण्याची सोय नाही, थंडी, पाऊस, वारा ही सबब नाही. मैफलीच्या कलावंतापेक्षा मला हे काम कठीण वाटतं.

किती कठीण, ते २५ नोव्हेंबर १९६३ या दिवशी जगाने ऐकलं. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा दफनविधी. लष्करी बँडचे सार्जंट कीथ क्लार्क गारठ्यात बराच वेळ ताटकळत उभे होते, आणि जवळच बंदुकांच्या सलामीच्या फैरी झडल्या. त्यांनी बिगुल ओठांना लावला. प प सा नीट आलं. पुढे प सा आणि... सहावा सूर, तो गंधार, फाटला. मुरलेल्या वादकाचा एक सूर, तोही साऱ्या देशाच्या कानांवर. कितीतरी लोकांना वाटलं, बिगुललाच हुंदका आला.

या धुनेच्या जन्माची एक गोष्ट इंटरनेटवर फिरते. एका कॅप्टनला रणांगणावर शत्रूच्या बाजूने लढलेल्या स्वतःच्या मुलाचं प्रेत सापडतं आणि त्याच्या खिशात हे सूर लिहिलेला कागद मिळतो. गोष्ट डोळ्यांत पाणी आणते, पण ती खरी नाही, आणि विलानुएवा ते वर्षानुवर्षं पुराव्यानिशी सांगत आले आहेत. खरी हकिकत साधी आहे. अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. जुलै १८६२ मध्ये उत्तरेची फौज व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी हॅरिसन्स लँडिंगला थकूनभागून तळ ठोकून होती. ब्रिगेडियर जनरल डॅनियल बटरफिल्ड यांना दिवे मालवण्याचा जुना इशारा रुक्ष वाटे. त्यांनी ऑलिव्हर नॉर्टन नावाच्या बिगुलरला बोलावून दुसऱ्या एका जुन्या इशाऱ्याचे काही सूर लांबवायला लावले, काही आखडते घ्यायला लावले. त्या रात्री नदीकाठी ते वाजलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या ब्रिगेडचे बिगुलर ती धून मागायला आले.

या शोधातूनच विलानुएवा त्या काळच्या पितळी बँडांकडे वळले. 'फेडरल सिटी ब्रास बँड' ही त्यांची उभारणी. त्यातलेच वादक दक्षिणेच्या २६व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचा बँडही सादर करतात. मूळ बँड नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलम गावच्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा. या पंथात मृत्यूची बातमीसुद्धा ट्रॉम्बोन वाजवून कळवायची रीत होती, म्हणजे पितळेचा सूर त्यांच्या घरचाच. गेटिसबर्गच्या लढाईत पहिल्याच दिवशी या पलटणीचे सुमारे ८०० पैकी पाचशेच्या वर जवान मेले वा जखमी झाले. वादक जखमींची सेवा करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना वाजवायचा हुकूम सुटला, आणि तोफांच्या भडिमारात पोल्का अन् वॉल्ट्झच्या चाली वाजल्या. ही पलटण गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूने लढत होती, हे विसरून ते संगीत ऐकता येत नाही, आणि विसरूही नये.

त्या बँडच्या हस्तलिखित वह्या सेलममध्ये जपून ठेवल्या आहेत, म्हणून आज हे शक्य झालं. वह्या खिशात मावतील एवढ्या, आणि प्रत्येक वादकाच्या वहीत फक्त त्याचाच भाग. सगळ्या वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवावी, तेव्हा चाल उभी राहते. एक वही हरवली, तर तो आवाज कायमचा गेला.

वाद्यंही त्या काळचीच लागतात. सॅक्सहॉर्न नावाची ही घराणेदार वाद्यं खांद्यावरून मागे वळलेली असत, कर्णा वादकाच्या पाठीकडे. बँड पलटणीच्या पुढे चालायचा आणि सूर मागून येणाऱ्या शिपायांच्या कानांत जायचा. आजच्या ट्रंपेटवर ती चाल वाजवली तर सूर बरोबर येतील, पण आवाज चकचकीत होईल. जुन्या वाद्याचा आवाज गोल, ऊबदार. मला तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा शांत नदीसारखा वाटला. शिवाय मागे कर्णा असल्याने समोरच्या श्रोत्यांना आवाज ऐकवायचा, तर वादकांना पाठ करून उभं राहावं लागतं!

आपल्याकडे गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरं नोटेशन आणि व्हायोलिन शिकली आणि त्यातली पुष्कळ पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी बँडांत गेली. खेडोपाडीचे लग्नाचे बँड तर आपण पाहतोच. त्यांच्या मास्तरांनी बसवलेल्या चाली कुठे लिहिलेल्या आहेत? माझी विनंती एवढीच, श्रोतेहो: तुमच्या घरी, नात्यात, गावात एखाद्या बँडमास्तरांची जुनी वही असेल, तर ती रद्दीत देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, मास्तर हयात असतील तर त्यांच्याकडून एकेक चाल वाजवून घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, आणि कुठल्या वाद्याचा भाग कुठल्या पानावर आहे, ते त्यांच्याच तोंडून विचारून लिहून ठेवा. नमस्कार.