मोटर नाही, वायर

[दृश्य: पाऊस. कारची अर्ध्यावर अडकलेली काच.]

काच अर्धी खाली आली आणि तिथंच बसली. मालक म्हणतात, मोटर गेली. पण गंमत बघा, दार अर्धवट उघडं धरलं की हीच काच सुरळीत वर जाते. दार लावलं की पुन्हा ठप्प. मोटर काही दार बघून चालत नाही. दोष वाटेत आहे.

दार आणि बॉडीचा खांब यांच्यामधली ही काळी रबरी नळी. गॅरेजमध्ये हिला बूट म्हणतात. दिवसाला दहा वेळा दार उघडलं, तरी वीस वर्षांत 73,000 वेळा आतल्या वायरी इथं वाकतात. चारही काचांची बटणं बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्याच दारात. त्यामुळे इथली एक वायर तुटते, मागची डावी काच बंद पडते, आणि एखादा मेकॅनिक मागचं दार खोलून बसतो!

[दृश्य: दाराचं पॅनेल काढलेलं. मोटरचा कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सुटा.]

मिस्त्रींनी बटण दाबून कप्लरवर मल्टिमीटर लावला. 12 व्होल्ट. म्हणजे वायर ठीक? मीटर करंट जवळजवळ घेतच नाही; आतली एखादी बारीक तार शाबूत असली तरी तो पूर्ण आकडा दाखवतो. मोटरला मात्र कित्येक अँपिअर लागतात. म्हणून मिस्त्रींनी हेडलाइटचा जुना 55 वॅटचा बल्ब जोडला. मिणमिणला. दार जरा हलवलं, लख्ख पेटला.

बॅटरी सोडवून आता बूट मागे सरकवला. वायरींचं प्लास्टिक धडधाकट दिसतंय. एकेक हलकेच ओढायची. आतून तुटलेली असते ती रबरासारखी ताणते.

तुटली तिथंच पिळून काळी टेप गुंडाळणारे महाभाग पुष्कळ. डाखही वाकणाच्या जागी नको. कथिल तारांत झिरपतं, वायर कडक होते आणि त्या कडेलाच पुन्हा तुटते. मिस्त्री तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घेतात, चांगली लांब. एक जोड खांबाच्या आत, दुसरा दाराच्या आत. एक वायर पुरी करायची, मगच दुसरी कापायची. आणि श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून जोड झाकणारी नळी, आधी ओवायची. जोड झाल्यावर आठवली तर, मिस्त्री हसून म्हणतात, कापा परत.

बूटची कडा खोबणीत नीट बसली पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत डॅशबोर्डखाली जातं.

[दृश्य: मिस्त्री दार उघडतात, लावतात, बटण दाबतात. काच वर.]